गुडघ्याच्या ऑपरेशननंतर व्हिडिओ कॉल पुरेसा आहे की कराडहून पुण्याला यायलाच हवं?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा २१ वर्षांचा, कबड्डी खेळतो, चढाईला जातो. ऑगस्टच्या अखेरीस पुण्यात त्याचं एसीएलचं ऑपरेशन झालं, म्हणजे गुडघ्यातल्या तुटलेल्या लिगामेंटच्या जागी नवं बसवलं, त्याच वेळी गुडघ्यातल्या फाटलेल्या गादीलाही (मेनिस्कस) टाके घातले. घर कराडजवळच्या गावात. आज सोळावा दिवस, वरचे टाके निघालेत. सर्जन म्हणतात, मधल्या तपासण्या व्हिडिओ कॉलवर करू. शेजारी म्हणतात, हात न लावता कसली तपासणी? वडील विचारतायत, कुणाचं ऐकायचं?

शेजाऱ्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे आणि सर्जनचंही निम्मं. मी फिजिओथेरपिस्ट, पुण्यात बावीस वर्षं खेळाडूंचे गुडघे आणि खांदे बघतोय. करोनाच्या आधी कुणी फोनवरून गुडघा तपासायला सांगितलं असतं तर मी हसलो असतो. आता आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मी फक्त कॉलच घेतो. तरीही काही दिवस असे असतात की पेशंट माझ्यासमोर टेबलावर, चड्डीत, दोन्ही पाय उघडे असाच हवा. तुमच्या मुलाचा पहिला तसा दिवस आता जवळ आलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

सध्या तुम्हाला सगळे एकच विचारत असतील, ‘गुडघा वाकतो किती?’ तो प्रश्न आत्ता बाजूला ठेवा. वाकणं येतं. गादीला टाके आहेत म्हणून बरेच सर्जन पहिले चार-सहा आठवडे नव्वद अंशांच्या पुढे वाकवूच देत नाहीत, तेव्हा त्याची घाई करून उपयोगही नाही. बघायचं ते गुडघा पूर्ण सरळ होतो का. दुसऱ्या पायाइतका, एक बोटही कमी नाही. पहिल्या तीन-चार आठवड्यांत सरळपणा आला नाही तर आत वण धरायला लागतो. कधी नव्या लिगामेंटच्या पुढच्या बाजूला वणाची गाठच तयार होते, तिला सायक्लॉप्स म्हणतात. दाराखाली खडा अडकावा तशी ती गुडघ्यात अडकते आणि पाय शेवटच्या काही अंशांत थांबतो. मग लंगडणं जात नाही, मांडीचा पुढचा स्नायू जागा होत नाही आणि चौथ्या महिन्यात दुर्बीण घालून ती गाठ काढावी लागते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी बार्शीची एक बॅडमिंटन खेळणारी मुलगी माझ्याकडे होती, तुमच्या मुलासारखंच ऑपरेशन. येणं-जाणं लांबचं, म्हणून तिसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत मी तिला व्हिडिओवर बघितलं. आई फोन धरायची, पायाच्या बाजूने, थोडा वरून. मुलीने सैल पायजमा घातलेला. मी विचारायचो, ‘सरळ होतोय ना?’ ती म्हणायची, ‘हो सर.’ मलाही सरळच दिसायचा. सातव्या आठवड्यात ती पुण्याला आली, मी तिला पालथं झोपवलं, तर ऑपरेशनच्या पायाची टाच दुसरीपेक्षा चांगली चार बोटं वर. माझ्याच टेबलावर मला कळलं की महिनाभर मी कॅमेऱ्याचा कोन बघत होतो, गुडघ्याचा नाही. तिचं दुसरं ऑपरेशन झालं. चूक माझी होती, फोनची नव्हती. मी पायजमा वर करायला सांगितला नाही आणि मोजायला पट्टी मागितली नाही.

तेव्हापासून मी डोळ्यावर विश्वास ठेवत नाही. तुम्हीही ठेवू नका. मोजायचं कसं ते सांगतो, घरातल्या घरात जमतं. मुलाला खाटेवर पालथं झोपवा, दोन्ही मांड्या खाटेवर, गुडघ्याच्या वाटीपासून पुढचा पाय काठाबाहेर लोंबता. दोन मिनिटं तसंच सैल पडू दे. मग मागे बसून दोन्ही टाचांच्या उंचीतला फरक शाळेच्या पट्टीने मोजा. एक सेंटिमीटरचा फरक म्हणजे ढोबळमानाने एक अंश. हा आकडा तुम्ही मला कराडहून पाठवलात तर मी तो क्लिनिकमधल्या माझ्या मोजमापाइतकाच मानतो.

दुसरी तपासणी उताणं झोपून. पाय सरळ ठेवून टाच वीतभर उचलायची आणि त्या वेळी गुडघा जरासुद्धा वाकतो का ते बघायचं. वाकला तर मांडीचा स्नायू अजून झोपलाय. हे व्हिडिओवर छान दिसतं, फक्त फोन स्टुलावर किंवा धान्याच्या डब्यावर गुडघ्याच्याच उंचीला, आडवा आणि बाजूने ठेवा. हातात धरू नका, हात हलतो. आधी चांगला पाय दाखवायचा, मग ऑपरेशनचा.

सूजही बरीचशी कळते. चांगल्या गुडघ्याच्या वाटीच्या दोन्ही अंगांना खळगे असतात. पाणी भरलं की ते बुजतात. रोज सकाळी एकाच खिडकीजवळ, एकाच उजेडात दोन्ही गुडघ्यांचा एक फोटो काढलात तर आठवड्याच्या सात फोटोंत मला जे दिसतं ते महिन्यातून एकदाच्या भेटीत दिसत नाही.

मग हाताचं काय काम? आहे. सरळ करताना गुडघा शेवटी जिथे थांबतो तिथे तो कसा थांबतो, हे फक्त हाताला कळतं. रबरासारखा थांबला तर तो स्नायूचा आखडलेपणा आहे, ताणून सुटेल. लाकडावर लाकूड आपटावं तसा थांबला तर आत काहीतरी अडतंय, आणि तिथे व्यायाम वाढवला तर दुखणंच वाढतं. दिसायला दोन्ही गुडघे अगदी सारखे. तसंच वाटीचं. वाटी वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकायला हवी. ती चिकटायला लागली की अंगठ्याखाली पहिल्यांदा जाणवते, कॅमेऱ्यात कधीच नाही. आणि नवं लिगामेंट धरून आहे का, हे बघायची लॅकमन टेस्ट तर व्हिडिओवर होतच नाही. मांडी एका हातात, नडगी दुसऱ्या हातात, आणि पुढे ओढल्यावर ती कुठे ‘टक्’ करून थांबते ते बघायचं. एखाद्या घरच्या माणसाकडून ती करवून घेतो असं कुणी म्हणालं तर त्याला हात जोडा.

आता दुसरी बाजू, कारण व्हिडिओने मला जे दाखवलंय ते क्लिनिकमध्ये वीस वर्षांत दिसलं नव्हतं.

क्लिनिकमध्ये पेशंट शहाण्यासारखा वागतो. घरी तो कसा राहतो हे आपल्याला तो सांगेल तितकंच. एका कॉलवर हडपसरचा एक फुटबॉलपटू पलंगावर टेकून बसला होता आणि गुडघ्याखाली आईने प्रेमाने जाड उशी ठेवलेली. दिवसभर, रात्रभर. माझ्याकडे आल्यावर तो अर्धा तास गुडघा सरळ करण्याचा व्यायाम करायचा आणि घरी उरलेले साडेतेवीस तास उशी तो परत वाकवून ठेवायची. तीन आठवडे मी डोकं खाजवत होतो. उशी गुडघ्याखालून काढून टाचेखाली सरकवली, गुडघा अधांतरी राहू दिला, दर दोन-तीन तासांनी दहा मिनिटं. दहा दिवसांत फरक पडला. संडास भारतीय आहे का, जिना किती पायऱ्यांचा, जेवायला पाटावर बसतो का, अंगणात ओल आहे का, हे सगळं फोन घरात फिरवला की दोन मिनिटांत कळतं. गादीला टाके असताना उकिडवं बसणं आणि मांडी घालणं किमान चार महिने तरी नाही. त्यामुळे भारतीय संडासावर ठेवायची कमोडची खुर्ची ही तुमच्याकडे गोळ्यांइतकी महत्त्वाची आहे. ती आणलीय ना?

शिवाय प्रवासाचाही हिशेब करा. कराड ते पुणे दीडशे-एकशे साठ किलोमीटर. एसटीत पुढच्या सीटला गुडघा टेकवून, खंबाटकीत गाडी तुंबली तर आणखी तासभर, मग स्वारगेटला उतरून रिक्षा. असा आलेला गुडघा मी हातात घेतो तेव्हा तो सुजलेलाच असतो, आणि मला कळत नाही की ही सूज व्यायामाची, बिघाडाची की प्रवासाची. साताऱ्याच्या एका पोराचे व्यायाम मी दर भेटीत कमी करत गेलो, कारण दर भेटीत गुडघा भरलेला. वडिलांनी घरून फोटो पाठवले तेव्हा कळलं, एरवी तो कोरडा ठणठणीत असायचा. दर आठवड्याला आणण्याचा हट्ट मी तेव्हापासून सोडला. आणावं लागलंच तर गाडीतून, मागच्या सीटवर पाय लांब करून आणि दर तासाला थांबत.

पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलीय ती मला पटत नाही. हात लावून तपासायचं म्हणजे पुण्यालाच, असं कुणी सांगितलं? कराडला कृष्णा अभिमत विद्यापीठाचं फिजिओथेरपी कॉलेज आहे. तिथे किंवा गावाजवळच्या एखाद्या नोंदणीकृत फिजिओकडे आठवड्यातून दोनदा जा. महाराष्ट्रात फिजिओंची राज्य परिषदेकडे नोंदणी असते, क्रमांक विचारायला लाजू नका. माझ्या मते सगळ्यात चांगली घडी ही अशी बसते: हात कराडचे, नजर पुण्याची. महिन्यातून एकदा तिकडचा फिजिओ तुमच्या मुलाशेजारी बसेल आणि तिघांचा एक कॉल होईल. मी विचारतो, ‘वाटी सरकतेय?’ तो हात लावून सांगतो. यात कुणाचा मान कमी होत नाही. फक्त सर्जनचं ऑपरेशनचं टिपण आणि काय करायचं नाही याची लेखी यादी त्या फिजिओच्या हातात पहिल्याच दिवशी द्या. गादीला टाके आहेत हे न सांगितल्यामुळे पाचव्या आठवड्यात पोराला पूर्ण बैठका मारायला लावलेलं मी बघितलंय.

कॉल कायदेशीर आहे का, हेही लोक विचारतात. आहे. केंद्राची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० ला आली. त्यांत त्याच डॉक्टरांनी, त्याच आजारासाठी, प्रत्यक्ष तपासल्यापासून सहा महिन्यांच्या आत केलेला सल्ला फॉलोअप धरला जातो. पण कॉलवर प्रत्येक औषध लिहून देता येत नाही. ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, त्यामुळे ‘रात्री झोप लागत नाही, मागचीच गोळी लिहून द्या’ असं म्हटल्यावर सर्जन नाही म्हणाले तर ते अडवणूक करत नाहीयेत. आणि आम्ही फिजिओ औषध लिहीतच नाही, आमच्याकडे मागू नका.

अभ्यास काय म्हणतात? कॅनडात २०१५ मध्ये गुडघा बदललेल्या २०५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांकडे फिजिओ घरी जायचा, निम्म्यांना व्हिडिओवर व्यायाम दिले. निकाल जवळपास सारखे. पण ती माणसं सकाळी फिरायला जाण्यासाठी बरी होत होती, चढाई करून पकडीतून निसटण्यासाठी नव्हे. एसीएलवर टोरोंटोतला २०२० चा एक अभ्यास आहे, साठेक रुग्णांचा. ॲपवर फोटो आणि रोजची माहिती पाठवून पहिल्या सहा आठवड्यांतल्या प्रत्यक्ष भेटी खूपच कमी झाल्या, गुंतागुंत वाढलेली दिसली नाही. चांगली गोष्ट आहे. तरी साठ माणसांत जंतुसंसर्ग दिसला नाही याने मी निश्चिंत होत नाही, कारण तो शंभरात एकापेक्षाही कमी जणांना होतो. साठांत न दिसणं साहजिकच आहे.

त्यावरून, कॉलची वाट बघायची नाही अशा गोष्टी. पोटरी एकाच बाजूची सुजली, दाबल्यावर दुखते, तर त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफी, कराडलाच. रक्ताची गुठळी फोटोत दिसत नाही. आणि गावचे वस्ताद किंवा चोळणारे कुणी तेल घेऊन आले तर त्यांना चहा पाजून परत पाठवा, पोटरी चोळू देऊ नका. तालमीत ज्यांचे हात मळलेत त्या माणसांबद्दल मला आदर आहे, पण गुठळीवर मालिश म्हणजे ती फुप्फुसाकडे ढकलणं. दम लागला, छातीत दुखलं तर थेट इस्पितळ. ताप आणि सोबत दिवसागणिक जास्त दुखणारा, गरम गुडघा, किंवा जखमेतून पाणी-पू, याला सर्जनच हवा, रात्र असली तरी. गरम-गार बघायला हाताची पाठ वापरा. ती आधी चांगल्या गुडघ्यावर, मग ऑपरेशनच्या गुडघ्यावर ठेवून बघा. पाऊल वर उचलता येईना, तरीही तेच.

उलट काही गोष्टींनी घाबरून दीडशे किलोमीटर धावत येऊ नका. गुडघ्याच्या खाली बाहेरच्या अंगाला कातडी बधिर वाटते, ती चामडीची बारीक नस कापली गेल्यामुळे. बऱ्याच जणांना होते. ग्राफ्ट, म्हणजे नव्या लिगामेंटसाठीचा धागा, मांडीच्या मागच्या स्नायूतून घेतला असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बूट ओढताना मागे ‘फट्’ झाल्यासारखं होऊन कळ येते. पोरं रडकुंडीला येतात, लिगामेंट तुटलं म्हणून. बहुतेक वेळा तुटलेलं नसतं. कॉल करा, बघू, मग ठरवू.

खांद्याचं किंवा टाचेच्या मागच्या शिरेचं ऑपरेशन असतं तर मी वेगळं लिहिलं असतं. टाचेवरची जखम भरायला नाठाळ असते, ती पहिले तीन आठवडे प्रत्यक्षच बघावी. निखळलेल्या खांद्याचं उलट आहे, पहिले चार आठवडे हात झोळीत ठेवून गप्प बसणं हाच उपचार, तो फोनवरून व्यवस्थित सांभाळता येतो.

तुमच्या मुलासाठी पुण्याच्या खेपा मी अशा मोजतो. पहिली चौथ्या आठवड्याच्या आत, सरळपणासाठी. कराडच्या फिजिओने नीट बघून आकडा कळवला तर हीसुद्धा टळेल. दुसरी सहाव्या आठवड्याला सर्जनकडे, ती टाळू नका. गादीला टाके असताना पुढे किती वाकवायचं आणि किती वजन घ्यायचं हे तिथे ठरतं. नंतर तिसऱ्या महिन्यापर्यंत कॉल चालतील, दर पंधरा दिवसांनी. तिसऱ्या महिन्याला परत या.

ही तिसऱ्या महिन्याची भेट लोक सर्वात जास्त बुडवतात, आणि माझ्या मते गुडघे खरे बिघडतात ते इथे. सूज गेलेली, दुखत नाही, पोरगा बुलेट चालवायला लागलेला. कॉल केला की ‘मस्त आहे सर’. पण बसवलेला ग्राफ्ट हा जिवंत होत जाणारा धागा आहे. सहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास तो सर्वात कच्चा असतो, आणि त्या काळात तो अजिबात दुखत नाही. स्नायूची ताकद डोळ्यांनी मोजता येत नाही. एका पायावर बैठक मारताना पोरं कंबर बाजूला काढून इतकी हुशारीने भार चुकवतात की व्हिडिओवर मीही फसतो. यंत्रावर घेतलं की ‘मस्त’ मांडी दुसरीच्या साठ-पासष्ट टक्क्यांवर निघते. असे आकडे मी मुलांना स्क्रीन फिरवून दाखवतो. चेहरा पडतो, पण पुढचे तीन महिने ते मन लावून व्यायाम करतात. फोनवर तोच आकडा सांगितला तर ‘बरं सर’ म्हणतात.

तशीच मोजणी सहाव्या आणि नवव्या महिन्याला. ताकद आणि एका पायावरच्या उड्या, दोन्ही दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्क्यांवर आल्याशिवाय मी कुणाला मैदानावर सोडत नाही. कबड्डीत तर पकडणाऱ्याने घोटा धरलेला असताना गुडघा पिळतो, म्हणून शेवटचा महिना मॅटवर, धरून-सोडवून घेतल्याशिवाय नाही. तो भाग तुमच्या तालुक्यातला प्रशिक्षक माझ्यापेक्षा चांगला करेल, मी फक्त व्हिडिओ बघेन.

तुमच्याकडे चैत्रात जत्रा भरत असेल आणि जत्रेत सामने. हिशेब केलात तर तेव्हा जेमतेम सात-साडेसात महिने झालेले असतील. पोरगा म्हणेल, एकच सामना. २०१६ मध्ये नॉर्वेतल्या ऑस्लो आणि अमेरिकेतल्या डेलावेअरच्या संशोधक मंडळींनी १०६ खेळाडूंचा अभ्यास मांडला. नवव्या महिन्यापर्यंत खेळायला जाणं जितके महिने लांबलं, त्यातल्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी झालं. नऊ महिने मेच्या अखेरीला भरतात. जत्रेला त्याला गुणलेखकाच्या टेबलावर बसवा, गावातल्या कुणाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ऐन वेळी संघात एक खेळाडू कमी पडतो आणि मग बापाचंही चालत नाही.

तूर्त उद्या सकाळी एवढं करा. गुडघ्याखाली उशी आहे का बघा, असेल तर काढा. पालथं झोपवून टाचांतला फरक मोजा आणि आकडा वहीत तारखेसह लिहा. एक-दोन सेंटिमीटर असेल तर टाचेखाली गुंडाळी ठेवायचा व्यायाम दिवसातून पाच-सहा वेळा आणि चार दिवसांनी परत मोजा. तीनच्या वर असेल तर कॉलची वेळ ठरवत बसू नका, त्याच दिवशी कराडच्या फिजिओला दाखवा आणि सर्जनना आकडा कळवा.